राखेतले वाल

सोनगीरच्या नळावर रांगेत नूतनच्या मागं उभ्या लताबाई सुनेवर कडाडल्या.

“बठ्ठं बियाणं भिजवलं, कामिनी? एक दाणा ठेवला नाहीस?”

“उसळीसाठी, आत्याबाई. मला वाटलं, खायचे वाल आहेत.”

“खायचे वाल कुणी राखेत ठेवतं? माझ्या मायनं दिलेलं बी शे ते! दहा दाणे भिजवून उगवण बघायची, बाकीचं पावसाळ्याला ठेवायचं.”

“आठ वर्षांचं जुनं बी. आता काय उगवणार...” लताबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

“उगवलं का?” नूतननं मागं वळून विचारलं.

“बठ्ठंच. मोड आलेत,” कामिनी म्हणाली.

लताबाईंचा आवाज उतरला.

“आणि वर हे ऊन. आजच्या आज लावलं नाही तर गेलं. पाणी?”

“धार करंगळीएवढी. आपला नंबर येईपर्यंत नळ जाईल.”

नूतननं आपला अर्धा भरलेला हंडा बाजूला ओढला.

“घागर लावा, अक्का. शेंगा वाळल्या की मूठभर बी मला द्या. राख आहे माझ्याकडं.”