सांध्यावरची पैज

हॅलो?

…हो, बोल रोहिणी. ऐकू येतंय. थांब जरा, हात वांग्यांनी भरलेत… नाही, स्पीकरवर नको. तुझे नाना पलीकडेच बसलेत.

धनुबाईंनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला. भाजलेल्या वांग्याची साल काढता काढता त्या ओसरीकडे एक डोळा ठेवून बसल्या. ओसरीत दोधूनाना खिडकीजवळ पाठ वाकवून बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर विमान.

…काय करणार, तेच. विमान. …अगं, उडायचं नसतंच ते. प्लॅस्टिकचं आहे, कपाटावर ठेवायचं. तूच त्याचे सुटे भाग पाठवलेस आणि मला विचारतेस?

…हो, हो, ठाऊक आहे. बांधावर उभं राहून त्यांनी भाग्येशला भंडावू नये म्हणून पाठवलंस. तेवढं काम झालं. तुझा भाऊ आता शांतपणे पपईला पाणी देतो. पण इकडे घरात काय चाललंय ते ऐक ना.

…अगं ऐक तर. त्या विमानाच्या पोटाच्या दोन फाकी असतात. हां, शेंगेसारख्या. त्या चिकटवल्या. चिकटवल्या की पाठीवरून शेपटीपर्यंत सांधा दिसतो. तो दिसायला नको. खऱ्या विमानाला नसतो म्हणे. मग त्यात लांबी भरायची, वाळली की घासायची. पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. संक्रांत होऊन गेली, घासणं चालूच आहे.

…कशाने म्हणजे? पाणीपेपरने. कुल्फीच्या काडीला गुंडाळतात आणि माझ्या परातीत पाणी घेऊन घासतात. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. परातीत नुसतं करडं पाणी. परवा काजलची नखं घासायची पट्टी गेली. …तिने काय म्हणावं? सासऱ्याला म्हणणार आहे का, माझी नखं राहिली म्हणून? नवी मागवली बिचारीने.

…नाही, सगळ्या रेघा नाही बुजवत. पंखांवर बारीक कोरलेल्या रेघा असतात ना, पत्रे जोडल्यासारख्या, त्या ठेवायच्या असतात. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीये. मी एकदा फडक्याने पुसायला गेले तर एवढे ओरडले… लग्नात साडीवर वरण सांडलं होतं तेव्हा नव्हते ओरडले.

…लांबी? तुझी ट्यूब केव्हाच संपली. शहाद्याच्या भिकन पेंटरकडून आणली. तो जीपगाड्यांचे पोचे बुजवतो ती.

…कसे गेले म्हणजे? मोटरसायकलवर.

धनुबाईंनी फोन कानापासून चार बोटं दूर धरला. लेकीचा आवाज ओसरला तसा परत जवळ आणला.

…झालं? बोललीस? अगं, मला विचारून गेले का? मी अंगणात चिंचा फोडत होते, फटफट ऐकू आली तोवर फाटकाबाहेर. …हो, येताना पाटचारीत घातली. …नाही, नाही, लागलं नाही. पाणी सोडलेलं नव्हतं, नुसता गाळ. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले. म्हणतात, पाटचारी आधी तिथे नव्हतीच.

…मला सांगतेस? मीच तर डॉक्टरकडे सोबत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलाय, काढून टाका म्हणाला. साधं काम आहे म्हणाला. हे काय म्हणाले माहितीये का त्याला? ‘माले बठ्ठं दिसस.’ सगळं दिसतं म्हणे! आणि निघताना दवाखान्यातल्या पुठ्ठ्याच्या बाईला नमस्कार घातला. ती गं, दारात उभी असते, चष्म्याच्या जाहिरातीची.

…हसू नको. हसण्यासारखं नाही. आज पाटचारी कोरडी होती. उद्या हायवेला गेले तर? अक्कलकुव्याकडून ट्रक कसे येतात, पाहिलेत ना तू.

…तू सोमवारची वेळ घेतलीस ते ठीक. पण नेणार कसं? पोतं आहे का, गाडीत टाकायला? म्हणून तर मी युक्ती केली. आता ऐक, हळू बोलते.

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. नाना विमान नाकाजवळ नेऊन त्याचा वास घेतल्यासारखं बघत होते.

…पैज लावली. …अगं हो, मी. त्यांच्याशी. हे बघ, लांबी पिवळट असते आणि विमान करडं. घासून झाल्यावर पाठीवर सरळ पिवळी रेघ, भांग पाडल्यासारखी. मला स्वयंपाकघरातून दिसते. मी म्हटलं, अहो, सांधा दिसतोय. ते म्हणाले, नाही दिसत. मी म्हटलं दिसतोय. तर म्हणतात, ‘बोट फिराव. मन्हा बोटले बठ्ठं समजस.’

…फिरवलं ना. …खरं सांगू? काही लागलं नाही. अंड्यावरून फिरवल्यासारखं. पण डोळ्यांना दिसतंय तर आहेच ना. मग ठरलं. वर करडा प्रायमर मारायचा. वाळल्यावर सांधा दिसला तर सोमवारी गुपचूप नंदुरबारला चलायचं, डोळे करून घ्यायचे. नाही दिसला तर पार उन्हाळ्यात आखाजीचा सण येईपर्यंत या घरात कोणी डोळ्यांचं नाव काढायचं नाही. मीही नाही, तूही नाही.

…अगं, मी कशाला हरते? एवढी ढळढळीत रेघ. सकाळी गोठ्यात खोकं ठेवून त्यात फवारलं त्यांनी. गाय दोन वेळा शिंकली. आता वाळलंय. काजल बघायला येतेय, ती पंच. …फोन चालूच ठेव. …हो, हो, सांगते.

धनुबाईंनी पदराला हात पुसले आणि ओसरीत गेल्या. नानांनी विमान त्यांच्या हातावर ठेवलं, नुकतंच जन्मलेलं कोकरू ठेवावं तसं. काजल वाकून बघू लागली. धनुबाईंनी ते उजेडाकडे धरलं, आडवं धरलं, पालथं केलं. पाठ, पोट, शेपूट, सगळं एकाच करड्या रंगाचं. जणू मुळातच एका तुकड्यात ओतलेलं.

…रोहिणी.

…नाही गं. नाही दिसत.

…काजललाही नाही दिसत. तिने मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. …अगं, तो नुसता रंगाचा फरक होता. खळगा नव्हताच. वर एक रंग आला, रेघ गेली. बोट खरं बोलत होतं.

…मी काय मुद्दाम हरले? …तू लगेच यायला निघू नको. …हसतायत ना, हसणार नाहीत तर काय. काजलला चहा ठेवायला सांगितलाय, साखर जास्त. मला म्हणतात, तुझेच डोळे दाखवून ये.

…काय करायचं आता? पैज म्हणजे पैज. माझ्या तोंडून डोळ्यांचा शब्द निघायचा नाही. …तूही नको काढू. फोन माझ्या हातात आहे, ऐकू जातं त्यांना.

धनुबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. जिंकलेला माणूस मात्र थांबला नव्हता. नानांनी वाटीत पाणी घेतलं, डब्यातून एक पातळ कागद काढला आणि त्यावरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून पाण्यात सोडला.

…आता नावं चिकटवतात. हां, स्टिकर. पाण्यात भिजले की सुटतात. शेपटीवर अक्षरं आणि आकडे. मुंगीएवढे आहेत गं.

…एक उचललाय चिमट्याने. खिडकीकडे धरलाय. …आता नाकाजवळ. …लांब. …फिरवला. …परत फिरवला.

…खोक्यावरचं चित्र बघतायत. …तेही नाकाजवळ.

…थांब, मला काहीतरी विचारतायत. …काय हो? …मला विचारताय?

…रोहिणी, विचारतात, हे सरळ आहे का उलटं.

…नाही, नाही सांगितलं. कशी सांगू? …अहो, मी पैज हरलेय. दिसतं का, नाही दिसत, यातलं मला आखाजीपर्यंत काही बोलायचं नाही. तुम्हीच ठरवलंय.

नानांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि त्यावरून बोट फिरवलं. मग नखाने, मग परत बोटाने. अक्षरं कागदात होती, कागदाच्या वर नव्हती. बोटाला नुसतं पाणी लागलं. काजल चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

…चिमटा खाली ठेवला.

…बोट टॉवेलला पुसतायत. …तू थांब जरा.

…नाही, रागावले नाहीत. तुकडा परत वाटीत सोडला. …हं? काय म्हणालात? …अहो, मोठ्याने बोला, ती फोनवर आहे.

…विचारतात, सोमवारी किती वाजता बोलावलंय.

…हो, तेच म्हणाले. मी एक शब्द बोलले नाही, काजल साक्षीला आहे. …रडतेस काय वेडे. …बरं, दहा. …अहो, दहाला. …विचारतात, दोन्ही एकदम करतात का? …एकेक? महिनाभराने दुसरा? …अहो, एकेक करतात. …म्हणतात, मग उजवा आधी. शेपटी तेवढी एका डोळ्यात होऊन जाईल.

…हो, भाग्येशला गाडी काढायला सांगते. मोठी गाडी, मोटरसायकल नाही. …हो गं, उपाशीपोटी न्यायचं का ते विचारून कळव. …बरं. …बरं, ठेवते आता. भरीत गार होतंय, आणि जिंकलेल्या माणसाला जेवायला वाढायचंय.