तिसरी हाक

हसायचं नाही हं, आधीच सांगते. फेब्रुवारीत आम्ही शिवडीच्या जेटीवर फ्लेमिंगो बघायला गेलो. मी, नवरा, आमची मुक्ता आणि सासूबाई. सकाळचं धुकं इतकं, की पक्षी म्हणजे नुसते गुलाबी डाग. त्यात मी दुर्बीण उलटी धरलेली, ते सोडा.

तेवढ्यात खालच्या तिवरांतून हाक आली, "आई!"

मुक्ताचाच आवाज. "ओ, आले गं!" म्हणत मी कडेला धावले. खाली नुसता चिखल. पाय टाकणार, तर मागून कुणीतरी ओढणी धरली.

"आई, कुठे चाललीस?" मागे मुक्ता उभी.

"तू हाक मारलीस ना?"

"मी? मी तर आजीला चहा देत होते."

पक्ष्यांचा कलकलाट एकदम थांबला होता. सासूबाई मालवणीत कडाडल्या, "तुका कितीदा सांगलंय, तिसरी हाक येईसर ओ देव नको, भूत दोनदाच हाक मारता! आता त्येका कळला, तू ओ देतंस ता."

नवरा म्हणाला, "काहीतरीच! माझ्या दहाव्या हाकेलाही ही ओ देत नाही."

मीही हसले. पण तेव्हापासून तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. मुक्ता वैतागते, "बहिरी झालीस का?"

परवा दुपारी पोळ्या लाटत होते. आतल्या खोलीतून हाक आली, "आई!" मग परत, "आई!" मी लाटणं धरून तिसरीची वाट बघत राहिले. तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं. समोर मुक्ता, खांद्यावर क्लासची बॅग.

आणि मागून, आतल्या खोलीतून, तिसरी हाक आली.