यमुनाबाई आणि मुलींचं बोर्डिंग

मंडळी,

माझ्या आधी चौघं बोलले. सगळ्यांनी बाईंच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. मी ऐकत होतो आणि मला कळेना, हे कोणाविषयी बोलताहेत. यमुनाबाई गजभिये शांत नव्हत्या. निदान मी ओळखत होतो त्या तरी नव्हत्या. त्यामुळे मला बोलायला जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून. आपण सांभाळून घ्या.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी प्रभाकर वानकर. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, आता रिटायर झालो. आणीबाणी उठल्यानंतर शहरातल्या जुन्या इमारती जपायला एक समिती नेमली गेली. त्या समितीत मी होतो आणि बाई होत्या. त्या शाळेच्या हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या. समितीत एक बाई असावी, आणि ती या वस्तीतली असली तर बरंच, म्हणून त्यांना घेतलं. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच म्हणायच्या. "वानकरजी, मले फोटोसाठी बसवलं हाये. पण बसवलंच हाये, तर मी बोलणार."

आणि त्या बोलल्या. पहिल्याच बैठकीत यादीवर राजवाड्याचे दरवाजे होते, देवळं होती, इंग्रजांच्या काळातले बंगले होते. बाईंनी विचारलं, "आमचं बोर्डिंग कुठं हाये यात?"

कोणालाच माहीत नव्हतं, कोणतं बोर्डिंग.

इथे बसलेल्या बायांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मागच्या गल्लीच्या तोंडाशी कवेलूच्या छपराचं, विटांचं एक घर होतं. पुढे तीन खोल्या, मागे एक लांब हॉल. आपल्या खेड्यांतल्या ज्या मुलींना शिकायला नागपुरात यायचं असायचं, त्यांना कोणी खोली देत नसे. जात विचारली की दार लागायचं. तेव्हा इथल्या गिरणीत काम करणाऱ्या बायांनी ते घर उभं केलं. पाळी सुटली की घरी जाताना विटा डोक्यावर घ्यायच्या. आधी त्यांनी आवारात विहीर खोदली. काहून, तर वस्तीबाहेरच्या विहिरीवर या मुलींना कोणी पाणी भरू देत नव्हतं. घर झालं नाही तरी चालेल, पोरी झाडाखाली बसतील, पण पाणी आपलं पाहिजे. असं त्या बायांचं म्हणणं.

बाई स्वतः तिथेच राहून शिकल्या. रामटेकच्या पलीकडे त्यांचं गाव. वडील धानाच्या शेतावर मजूर. त्यांनी पोरीला बोर्डिंगच्या दारात सोडलं आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. मुलींचं घर आहे, म्हणाले, मी कसा येऊ. बाहेरूनच विहिरीचं पाणी प्यायले आणि परत गेले. बाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज कधी हलला नाही. त्या एवढंच म्हणायच्या, "माह्या बापानं शहरात पहिल्यांदा विहिरीतून ओढून घेतलेलं पाणी पेलं, कोणी वरून ओतलेलं नाही."

मंडळी, ही इमारत ऐतिहासिक नाही तर कोणती?

बाईंनी समितीला तिथे यायला लावलं. कितीदा विनवलं, कितीदा भांडल्या. शेवटी सगळे आले. आपले अध्यक्षसाहेब, जे आज पुढच्या रांगेत बसले आहेत, तेही आले. त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बाई, यात कोरीव काम वगैरे काही?"

बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या बायाईले विटा मिळाल्या तेच खूप होतं. कोरणार कोण?"

साहेब हसले. चांगल्या मनाचा माणूस आहे, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि प्यायले. पुढच्या बैठकीत ठराव झाला. बोर्डिंग जपावं, समोरचा रस्ता रुंद व्हायचा आहे त्यात त्याला हात लावू नये, अशी शिफारस करावी. एकानेही विरोध केला नाही. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना संत्री वाटली.

आणि इथून पुढचं मला सांगवत नाही. पण सांगतो.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असं बाईंना वाटलं. मी सरकारी नोकरी केलेला माणूस, मला माहीत होतं. झालेला ठराव पुढच्या बैठकीत कायम करावा लागतो, मगच तो वर जातो. तर ती पुढची बैठक होईना. एकदा साहेब मुंबईला. एकदा माणसंच पुरेशी आली नाहीत. एकदा आपल्या समितीनं एका जुन्या दरवाजावर पाटी बसवली, त्या समारंभासाठी बैठक रद्द. त्या दरवाजाला कोणीही हात लावणार नव्हतं. तो कोणाच्याही रस्त्यात येत नव्हता. पण पाटीला हार घालायला आपण सगळे होतो.

बाई दर वेळी यायच्या. डबा घेऊन यायच्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसायच्या. "आज बी नाही का?" आज बी नाही, बाई.

मग एके दिवशी सकाळी रस्त्याचं काम करणारी माणसं आली. खात्याचं नाव मी घेत नाही. त्यातले दोघं-तिघं इथे आलेत, आलेत हे चांगलं केलं. बाईंनी घरातून खुर्ची आणली आणि बोर्डिंगच्या पायरीवर ठेवून बसल्या. आजूबाजूच्या बाया त्यांच्याभोवती बसल्या. मला निरोप आला, मी स्कूटर काढून आलो.

त्यांचा इंजिनिअर तरुण होता, अदबीनं बोलत होता. "मॅडम, काही कागद असेल तर दाखवा. मी आत्ता काम थांबवतो."

"समितीनं ठरवलं हाये."

"ठरवलेलं नाही चालत, मॅडम. कागद पाहिजे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी आणतो. संध्याकाळपर्यंत थांबा, असं मी त्या इंजिनिअरला म्हटलं. तो म्हणाला, दुपारपर्यंत थांबतो. मी तसाच रामदासपेठेत साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब जेवत होते. मी व्हरांड्यात बसलो. मग बाहेर आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वानकर, माझ्या एकट्याच्या सहीनं कसं होईल? नियमात बसत नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच घेऊ."

साहेब, तुम्ही असंच म्हणालात. मी एक शब्द वाढवलेला नाही.

मी परत आलो तोवर पुढच्या तीन खोल्या नव्हत्या. बाईंना कोणी ओढलं नाही, ढकललं नाही. त्यांनी सोबत आणलेल्या पोलीसबाईनं हात धरून उठवलं, खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मागचा हॉल वाचला, तो रस्त्यात येत नव्हता म्हणून. समितीमुळे नाही. आणि खोल्यांच्या विटा, कवेलू, लाकडं, सगळा मलबा त्यांनी विहिरीत ढकलला होता. काठोकाठ.

बाई विहिरीजवळ उभ्या होत्या. त्या इंजिनिअरला एकच विचारत होत्या. "विहीर काहून बुजवली? विहीर तर रस्त्यात येत नव्हती ना गा. विहीर काहून बुजवली?"

मलबा टाकायला जागा जवळ होती, म्हणून टाकला. एवढंच कारण. मंडळी, मी अख्खा जन्म बांधकामावर काढला, मला ते कारण लगेच कळलं. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. कोणी दुष्टपणानं केलं असतं तर भांडायला माणूस तरी मिळाला असता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी विहीर उपसायला घेतली. वस्तीतल्या बाया घमेली घेऊन आल्या. दोर लावला, भरलेली घमेली वर ओढू लागल्या. बाई काठावर बसून सांगायच्या, अख्खी वीट असेल तर इकडे ठेवा, तुकडे तिकडे. त्यांच्या मुलीनं, शालिनीनं, किती सांगितलं की आई, उन्हात बसू नको. कोण ऐकतं? छातीत दुखायला लागलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मी डॉक्टर नाही. बोर्डिंगपायी बाई गेल्या असं मी म्हणणार नाही. शालिनीला तसं म्हटलेलं आवडतही नाही. पण त्यांचे शेवटचे दिवस आपण कशात घालवायला लावले, ते तरी लपवायला नको.

मेडिकल हॉस्पिटलमध्ये मी त्यांना भेटायला गेलो. नाकात नळी होती. मला जवळ बोलावलं.

"पाणी दिसलं का?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण बोललो नाही. "नाही बाई, अजून नाही."

"मंग तुमी इथं काय करून राहिले?"

माझ्याशी त्या एवढंच बोलल्या. मी उठलो आणि तिथून थेट विहिरीवर गेलो.

आता साहेब, तुमच्या हातात समितीचा शोकप्रस्ताव आहे. बाई समितीचा आधारस्तंभ होत्या, असं त्यात लिहिलं आहे, मघाशी तुम्हीच मला दाखवलंत. तो वाचू नका, ही माझी विनंती. तो मंजूर झाला तरी पुन्हा कायम करावा लागेल, आणि ती बैठक कधी होईल ते तुम्हालाही माहीत नाही. त्यापेक्षा मागचा हॉल उभा आहे. त्याच्यासाठी जे करायचं ते उद्या करा. मी उद्या सकाळी तुमच्या बंगल्यावर येतो. या वेळी व्हरांड्यात बसणार नाही.

शालिनी, बेटा, तुझ्या आईला मी काही देऊ शकलो नाही. ठरावाच्या वेळी तिच्या बाजूनं हात वर केला होता, एवढंच.

आता आपण सगळे उभे राहू. बाहेर रस्त्यावर रोलर चालू आहे, तो तुम्हाला ऐकू येतोय. दोन मिनिटं थांबवा, म्हणून मघाशी माणूस पाठवला होता. वरचा हुकूम नाही, असा निरोप आला. राहू द्या. त्याच आवाजात उभे राहू. बाईंना माझा शेवटचा नमस्कार.

उभे राहा.