वीज आल्यावरचा नमस्कार

माझे सोळा सोमवार कसे फळले, ते सांगते. आमची मुग्धा पहिल्यांदाच पुण्याच्या वादकांबरोबर पियानो वाजवणार होती. साथीला दोन व्हायोलिनं आणि एक चेलो, सगळं जुनं, हळवं विलायती संगीत. तिला एकच धास्ती, "आई, आपल्या पंचवटीची माणसं मध्येच उठून गेली तर?"

कार्यक्रम ऐन रंगात आला आणि वीज गेली. खुर्च्या करकरल्या. मी आणि मुग्धाच्या बाबांनी दीपप्रज्वलनाची समई उचलून पियानोजवळ ठेवली, मी वात पुढे सारली आणि वादन पुन्हा सुरू झालं. कुणी हललं नाही. इतक्यात वीज आली आणि दिवे लागल्यावर आपण जोडतो तसे सगळ्यांनी आपसूक हात जोडले.

चेलो वाजवणाऱ्या पारशी काकांचे डोळे भरले. नंतर मला म्हणाले, "ताई, टाळ्या पुष्कळ मिळाल्या. नमस्कार कुणी केला नव्हता."

मुग्धा कुजबुजली, "आई, तो तर दिव्यांना होता!"

म्हटलं, "गप गं! कुणाचा नमस्कार कुठे पोचवायचा, ते महादेवाला कळतं."