भेट की पगार

बेबी : मिक्सरपण धरायचा? ताई, तो मला सोडतीत लागलाय. कमावलाय थोडाच!

ताई : धरायचा. बक्षीस आहे ते. बाजारात त्याची जी किंमत, तेवढं तुझं उत्पन्न.

बेबी : अगं, पण झाकण उडतं त्याचं.

ताई : झाकण उडो नाहीतर छप्पर उडो. माझ्या ऑफिसात रीत एकच. वर्षभरात जे जे हाती आलं, ते आधी सगळं एकूण उत्पन्नात टाकायचं. मग कायद्याने जे वगळलंय तेवढंच बाहेर काढायचं. वजावटी त्याच्याही नंतर. लोक उलटं करतात. आधी मनानेच वगळतात आणि आयकराची नोटीस आली की इथे याच खुर्चीत बसून रडतात.

बेबी : बरं बाई, टाक मिक्सर. पोहण्याच्या शिकवणीची फी पहिल्या पानावर लिहिलीये.

ताई : बघितली. किती गं मिळतात तुला! पाण्यात उभं राहून हात हलवायचे आणि एवढे?

बेबी : हात हलवायचे? पन्नाशीच्या बायका घाबरून गळ्यात पडतात माझ्या. ये एकदा, तुलाही शिकवते. फी नाही घेणार.

ताई : मला कुठला वेळ. हे काय? ‘रंगारीकाका, दोन खोल्या’?

बेबी : त्यांच्या मुलींना मी पोहायला शिकवलं, त्यांनी माझ्या खोल्या रंगवून दिल्या. त्यात पैशाचा संबंधच नाही.

ताई : आहे. कामाच्या बदल्यात काम मिळालं तरी ते उत्पन्नच. बाहेरच्या माणसाने त्या रंगकामाचे जेवढे घेतले असते, तेवढे धरायचे.

बेबी : श्वास घेतला तर?

ताई : त्यावर अजून कर नाही. कोणता रंग दिलास?

बेबी : फिका पिवळा. तू आलीच नाहीस बघायला.

ताई : येईन. आणि हे शेवटचं? ‘बाबा, दरमहा आठ हजार’?

बेबी : ते बाबा देतात मला. तूच म्हणालीस ना, सगळं लिही.

ताई : बाबा तुला पैसे देतात?

बेबी : हो.

ताई : कधीपासून?

बेबी : त्यांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून. अकरा महिने झाले.

ताई : अकरा महिने! अठ्ठ्याऐंशी हजार! आणि मला कोणी एका शब्दाने बोललं नाही?

बेबी : अगं, बोलण्यासारखं काय त्यात? पहिल्या तारखेला पाकीट हातात ठेवतात, मी घेते. नको म्हटलं तर रुसतात.

ताई : आणि तू रोज सकाळी सहाला जातेस. आंघोळ घालतेस, व्यायाम करून घेतेस, औषधं देतेस. महिना भरला की पाकीट. याला काय म्हणतात?

बेबी : काय म्हणतात?

ताई : पगार म्हणतात.

बेबी : काहीतरीच काय! बाबा आहेत ते.

ताई : नातं बघत नाहीत बेबी. बापाने मुलीला मायेने दिलं, बदल्यात काही मागितलं नाही, तर ती भेट. ती उत्पन्नातून बाहेर. पण कामाचा मोबदला म्हणून दिलं, तर देणारा बाप असो की शेजारी, ते उत्पन्नच.

बेबी : मग भेट लिही. मायेने देतात ते.

ताई : कशावरून?

बेबी : म्हणजे? मला कळतं ना!

ताई : तुला काय कळतं त्याला अर्थ नाही. देणाऱ्याच्या मनात काय होतं, ते बघतात.

बेबी : ताई, खरं सांग. हे कायद्याचं चाललंय की तुझ्या पोटात दुखतंय?

ताई : दुखतंय! जा, दुखतंय. मला आजवर छदाम दिला नाही त्यांनी. मी वर्गात पहिली आले तर म्हणायचे, ‘बरं.’ एवढंच. आणि तू गणितात गटांगळ्या खाल्ल्यास तर तुला नवी सायकल! का, तर पोरगी रडतेय.

बेबी : तू मागितली असतीस तर तुलाही आणली असती.

ताई : तुला मागावी लागली नव्हती.

बेबी : बरं. भांडू नकोस. विचार त्यांनाच. आत्ता जागे असतील.

ताई : विचारतेच. आणि जे म्हणतील तेच लिहायचं. नंतर कुरकुर चालणार नाही.

बेबी : नाही करणार. मला माहितीये काय म्हणतील ते.

(ताई फोन घेऊन गॅलरीत जाते आणि मागे दार ओढून घेते.)

ताई : हॅलो, बाबा? मी बोलतेय.

बाबा : कोण, बेबी?

ताई : बेबी नाही, मी. मोठी.

बाबा : अगं तू! दुपारची कशी? सगळं ठीक ना?

ताई : ठीक आहे. एक कामाचं विचारायचं होतं. बेबीला तुम्ही दर महिन्याला आठ हजार देता, ते कशाचे?

बाबा : कशाचे म्हणजे?

ताई : ती तुमचं सगळं करते, त्याचे का? तसं काही ठरलंय तुमचं?

बाबा : छे छे. ठरवायचं काय त्यात? पहिली तारीख आली की तिच्या हातावर काहीतरी ठेवावंसं वाटतं, बस.

ताई : पण उद्या तिने यायचं बंद केलं, तर?

बाबा : तरी देईन. तिच्या लग्नात माझा हात आखडता होता. आता पेन्शनमधून उरतं थोडं. तिचा चेहरा फुललेला बघितला की मला बरं वाटतं. म्हातारपणी एवढीच चैन.

ताई : आणि मला?

बाबा : तुला काय?

ताई : मला नाही कधी द्यावंसं वाटलं?

बाबा : तुला गं काय कमी आहे? तू पहिल्यापासून खंबीर. तुझी मला कधी काळजीच वाटली नाही.

ताई : हो. नाहीच वाटली कधी.

बाबा : काय म्हणालीस? ऐकू येत नाही नीट.

ताई : काही नाही. ठेवते.

बाबा : अगं, एवढ्यात? ये ना एकदा घरी. चहा घेऊ. बेबी छान करते.

ताई : ठेवते, बाबा.

बेबी : झालं? दार लावून एवढं काय बोलत होतात? काय म्हणाले?

ताई : पगार.

बेबी : काय?

ताई : कामाचे पैसे आहेत म्हणाले.

बेबी : बाबा असं म्हणाले? ‘कामाचे’ म्हणाले?

ताई : कोणाचं फुकट करून घ्यायचं नाही मला, म्हणाले. मुलगी असली तरी.

बेबी : पाकिटावर माझं नाव लिहितात गं ते. हात थरथरतो, तरी स्वतः लिहितात.

ताई : पगाराच्या पाकिटावरही नाव असतं.

बेबी : हो. असतं की. लिही मग.

ताई : बेबी, कर काही फार बसणार नाही. तेवढा मी भरते.

बेबी : तू कशाला? ज्याचा पगार त्याने भरायचा.

ताई : रडतेस की काय?

बेबी : छे. तलावाच्या पाण्याने होतात डोळे असे. कुठे सही करू?

ताई : राहू दे आज. उद्या ये. मी परत एकदा बघते सगळं.

बेबी : आता काय बघायचंय? त्यांना विचारलंस, त्यांनी सांगितलं. दे इकडे पेन.

ताई : बेबी, ऐक ना...

बेबी : ही घे सही. ताई, एक सांग. पगारी माणसाला सुट्टी असते ना गं?

ताई : असते.

बेबी : मग उद्या मी सुट्टी घेते. अकरा महिन्यांत एकही घेतली नाही. उद्या सहाला तू जा. उठवताना डाव्या काखेत हात घाल त्यांच्या, उजवीकडे अजून दुखतं.