डोळे मिटून निवडलेला नट

दौंडच्या हार्डवेअर दुकानात मुक्ताबाई बिजागरी घ्यायला आल्या होत्या, पण पुढचं गिऱ्हाईक, धरणात बुड्या मारणारा पाणबुड्या, हलायचं नाव घेईना.

“मीरासाहेब मामा, हवेच्या दोन टाक्या पाठीवरच्या स्टीलच्या पाटीला बसवायच्यात. बोल्ट-नट द्या.”

“विहिरीच्या मोटारीचे ने की, सत्यजीत.”

“ते गंजून जाम व्हत्यात. धरणाच्या तळाला जाळीत टाकी अडकली, तर तिथंच सोडवाय लागती. स्टेनलेसचे द्या.”

“मग पाना घिऊन जा खाली.”

“पाना हातातनं सुटला म्हंजी? नुसत्या बोटांनी फिरंल असा, कानवाला विंगनट पायजे.”

“आरं, तू तळाला बसून श्वास घेतोस?”

“व्हय, टाकीतनं.”

“आन् दिसतं काय तिथं?”

“आपला हातबी दिसत न्हाई, मामा. म्हनून नट डोळं मिटून निवडायचा.”

सत्यजीतनं डोळे मिटले. पाठोपाठ मीरासाहेबांनीही मिटले.

“ह्यो बघ.”

“कान बारीक हायती. हातमोज्यातनं घावायचे न्हाईत.”

“आन् ह्यो?”

“ह्योच!”

सत्यजीत पुडी घेऊन गेला.

“बोला मुक्ताबाई, काय देऊ?”

मुक्ताबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला, पण डोळे काही उघडले नाहीत.

“थांबा वाईच, मी अजून तळालाच हाय.”