म्हणजे मँचेस्टरच ना?

गावाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. बाबांना आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला आमच्याकडे आणलं, त्या वर्षीच्या गणपतीत एका तरुण पाहुण्यानं विचारलं, “काका, तुमचं मूळ गाव कुठलं?”

“ओल्डहॅम.”

जन्म मिरजेचा, पण उमेदीची सगळी वर्षं मँचेस्टरशेजारच्या या ओल्डहॅमच्या सूतगिरणीत गेलेली. गिरणी कधीच पाडली, तरी बाबांच्या बोलण्यात तिचा भोंगा अजून वाजतो.

पाहुणा म्हणाला, “म्हणजे मँचेस्टरच ना?”

झालं! हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

बाबांनी शांतपणे विचारलं, “तुझं गाव?”

“इचलकरंजी.”

“म्हणजे कोल्हापूरच ना?”

पाहुणा उसळला, “छे! कोल्हापूर वेगळं, इचलकरंजी वेगळी!”

बाबांनी मोदकांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. “घे. तू ओल्डहॅमचाच दिसतोस.”